टाके सुकले, नस मात्र तिच्या वेळेने

माझ्या कमरेच्या मणक्यांमधून बाहेर आलेल्या गादीची, म्हणजे 'डिस्क'ची, शस्त्रक्रिया होऊन आता वर्ष उलटून गेले आहे, आणि तरीही उजव्या पायाची चौकशी झाल्याशिवाय माझी कोणाशी भेट पार पडत नाही. "ऑपरेशन झालं ना, मग अजून दुखतं कसं?" असे नातेवाईक विचारतात, शाळेतील सहकारी विचारतात, जिन्यात भेटणारे शेजारीही विचारतात. या प्रश्नात काळजी असते, पण त्यामागे एक गृहीतही असते: शस्त्रक्रियेने दुखणे संपायलाच हवे, आणि ते संपले नसेल तर डॉक्टरांचे तरी काही चुकले किंवा रुग्णाने तरी पथ्य पाळले नाही. दोघांचेही काहीच न चुकता पाय दुखत राहू शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांची अशी शस्त्रक्रिया झाली आहे किंवा ठरली आहे, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी मी हे सविस्तर लिहीत आहे.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. दिवसभर फळ्यासमोर उभे राहायचे आणि घरी आल्यावर वह्यांच्या गठ्ठ्यावर वाकून बसायचे, हा माझा वर्षानुवर्षांचा क्रम. १९६०च्या दशकात स्वीडनमधील अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाखेमसन यांनी जिवंत माणसाच्या मणक्यांमधील गादीत सुई घालून तिथला दाब मोजला होता. उभे असताना गादीवर जेवढा दाब येतो, त्याहून तो पुढे वाकून बसल्यावर वाढतो आणि वाकून वजन उचलताना आणखी वाढतो, असे त्या मोजमापांत दिसले. माझी गादी वह्यांमुळे फाटली असे मी म्हणणार नाही, कारण वय आणि आनुवंशिकता यांचा त्यात मोठा वाटा असतो. परंतु बसण्याच्या ज्या सवयीला आपण आराम समजतो ती कमरेसाठी आराम नसते, एवढे मात्र त्यावरून कळते.

दुखणे कमरेत सुरू झाले आणि काही आठवड्यांत पायात उतरले. उजव्या कुल्ल्यापासून मांडीच्या बाहेरच्या अंगाने, नडगीच्या कडेने थेट अंगठ्यापर्यंत अशी एक रेघच आखल्यासारखी कळ जात असे, आणि शिंक किंवा खोकला आला की तीच कळ सणकून वर येई. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील गादी बाहेर आलेली दिसली. कमरेत पाच मणके असतात, आणि पायात उतरणाऱ्या या दुखण्याचे मूळ बहुतेक वेळा शेवटच्या दोन गाद्यांपैकी एकीत सापडते. गादीच्या भोवती चिवट कडे असते आणि आत मऊ गर असतो. कडे फाटले की गर बाहेर येऊन शेजारून जाणाऱ्या नसेच्या मुळावर दाबतो. माझ्या बाबतीत ते मूळ पाचव्या नसेचे होते. पायाचा अंगठा वर उचलण्याचे काम याच नसेचे असते.

"मणक्याला हात लावू नका, माणूस लुळा पडतो," हे वाक्य मी त्या काळात अनेकांकडून ऐकले. ही भीती जिथून येते तो मज्जारज्जू प्रौढ माणसात साधारणपणे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवरच संपतो, आणि त्याच्या खाली केवळ नसांच्या मुळांचा जुडगा असतो. त्यामुळे चौथ्या-पाचव्या मणक्याजवळच्या शस्त्रक्रियेत मज्जारज्जू वाटेतच येत नाही. नसेला इजा होण्याचा धोका थोडासा असतोच, पण लोक ज्या लुळेपणाला घाबरतात तो या जागी अत्यंत विरळा.

शस्त्रक्रिया करायची की थांबायचे, हा खरा अवघड प्रश्न होता. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांची स्थिती जवळपास सारखीच होती, असे त्यात आढळले. मात्र थांबलेल्या गटातील शंभरातील ३९ जणांना पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावीच लागली, आणि ज्यांच्या पायातली ताकद फारच गेली होती अशांना त्या अभ्यासात घेतलेले नव्हते. या गोष्टी समजून घेतल्यावर मी औषधे, विश्रांती आणि फिजिओथेरपी यांना पुरेसा अवधी दिला. पण उजवा अंगठा वर उचलता येईनासा झाला आणि टाचांवर चालून दाखवा म्हटल्यावर उजवा चवडा खाली पडू लागला, तेव्हा थांबण्यात अर्थ उरला नाही. दुखणे सोसता येते. जाणारी ताकद पाहत बसणे योग्य नव्हे, हे माझे आजही ठाम मत आहे.

फुटलेली गादी आणि पायातली कळ यांचा संबंध अमेरिकेतील मिक्स्टर आणि बार या दोन शल्यचिकित्सकांनी १९३४ मध्ये स्पष्टपणे मांडला आणि या शस्त्रक्रियेचा रस्ता खुला झाला. आज ती सूक्ष्मदर्शकाखाली लहानशा छेदातून होते. बाहेर आलेला तुकडा काढायचा आणि नस मोकळी करायची, इतकेच तिचे काम. हे 'इतकेच' नीट ध्यानात ठेवण्याजोगे आहे. शस्त्रक्रियेने नसेवरचा दाब जातो. दाबाखाली राहून नसेला जी इजा झाली ती शस्त्रक्रिया दुरुस्त करत नाही. ती दुरुस्ती शरीराला स्वतः करावी लागते, आणि शरीर ती आपल्या गतीने करते.

भूल उतरल्यावर पायातली ती सणकणारी रेघ नाहीशी झाली होती, आणि त्या समाधानात पहिले काही दिवस गेले. रुग्णालयातील फिजिओथेरपिस्ट मुलीने पलंगावरून उठायला शिकवले: "काकू, आधी गुडघे दुमडा, मग खांदा आणि कंबर एकदमच कुशीवर वळवा, पाय खाली सोडा आणि हाताच्या कोपराने रेटा देऊन उठा. कंबरेला पीळ द्यायचा नाही." पुढे कित्येक महिने मी त्याच पद्धतीने उठत होते, आणि आता ती सवयच झाली आहे. वाकणे, वळणे आणि वजन उचलणे बंद. बसायचे तेही थोडा वेळ आणि पाठीला आधार असलेल्या खुर्चीत. चालणे मात्र दिवसातून अनेकदा, थोडे थोडे. घरात उंच कमोड नव्हता, म्हणून त्यावर ठेवायची खुर्ची आणावी लागली. सासूबाईंनी रोजच्या वापराची भांडी खालच्या कप्प्यातून काढून ओट्यावर मांडली, आणि मला वाकावे लागेल अशी एकही वस्तू गुडघ्याच्या खाली राहणार नाही याकडे त्यांनी स्वतः लक्ष दिले. त्यांचे ते ऋण मी विसरणार नाही.

टाके सुकले, पाठीवरची खूण फिकट झाली, आणि सगळ्यांच्या दृष्टीने मी बरी झाले. त्याच सुमारास पायात एक निराळे दुखणे जाणवू लागले. ते पूर्वीच्या सणकेसारखे नव्हते. नडगीच्या बाहेरच्या बाजूला आणि अंगठ्याच्या मुळाशी संध्याकाळनंतर आग होई, मुंग्या येत, आणि मध्येच एखादी चमक अशी येई की बोलता बोलता वाक्य तुटे. तोच भाग एकीकडे बधिर आणि दुसरीकडे अतिसंवेदनशील होता. रात्री अंगावर घेतलेल्या सुती चादरीची घडी पायाच्या वरच्या भागावर आली, तर कातडी सोलल्यासारखी वेदना होत असे. उजवा पाय चादरीबाहेर ठेवून झोपावे, तर पहाटेच्या गारठ्याने पोटरीत गोळा येई. पुण्यातील डिसेंबरच्या रात्री मी पायाशी एक लहान स्टूल पलंगावर आडवे ठेवून चादर त्याच्यावरून घेत असे, म्हणजे ऊब राही आणि कापड पायाला टेकत नसे.

हे असे का होते, ते मला पुढे एका मज्जाविकारतज्ज्ञांनी शांतपणे समजावून सांगितले. नसेतील तंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते, वायरीवर प्लास्टिकचे असते तसे. दाबामुळे केवळ आवरण खराब झाले असेल, तर ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत भरून येते. तंतूच तुटला असेल, तर तो नव्याने वाढावा लागतो, आणि ही वाढ दिवसाला साधारणपणे १ मिलिमीटर इतकीच असते. कमरेपासून अंगठ्यापर्यंतचे अंतर सुमारे एक मीटर धरले, तर कागदावरच्या हिशेबाने ते हजार दिवसांचे काम होते. प्रत्यक्षात सगळे तंतू तुटलेले नसतात आणि सगळे वाढूनही येत नाहीत, त्यामुळे हा हिशेब तंतोतंत लागू होत नाही. पण "अजून कसं दुखतं" या प्रश्नाचे एक प्रामाणिक उत्तर त्यात आहे. शिवाय बरी होत असलेली नस काही काळ आपणहूनच संदेश सोडत राहते, आणि बराच काळ वेदना ऐकत आलेले मज्जारज्जू आणि मेंदू साध्या स्पर्शालाही वेदना समजू लागतात. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये आपली व्याख्या सुधारली, तेव्हा प्रत्यक्ष इजा असताना होणाऱ्या अनुभवाबरोबरच त्याच्याशी साम्य असलेल्या अनुभवालाही त्यांनी वेदना म्हटले. ज्या रुग्णाला "रिपोर्ट तर चांगला आहे, मग दुखतंय काय?" असे ऐकावे लागते, त्याच्यासाठी ही व्याख्या मोठा आधार आहे.

माझा रिपोर्ट चांगलाच होता. त्याच जागची गादी पुन्हा बाहेर येण्याची शक्यता शंभरात साधारण पाच ते पंधरा रुग्णांत सांगितली जाते, म्हणून शिरेतून गॅडोलिनियमचे औषध देऊन एमआरआय पुन्हा केला. शस्त्रक्रियेनंतर नसेभोवती जो व्रणाचा ऊतक तयार होतो त्यात रक्तवाहिन्या असल्याने तो या औषधाने उजळून दिसतो आणि गादीचा तुकडा तसा उजळत नाही, त्यामुळे दोन्हींतला फरक ओळखता येतो. माझ्या नसेभोवती थोडा व्रण होता, तुकडा नव्हता. व्रण काढायला पुन्हा शस्त्रक्रिया केली तर पुन्हा व्रणच तयार होतो, असे सांगून डॉक्टरांनी तो विषय तिथेच संपवला, आणि त्यांच्या त्या स्पष्टपणाबद्दल मी कृतज्ञ आहे.

औषधांबद्दल थोडे. साध्या वेदनाशामक गोळ्या नसेच्या दुखण्यावर फारशा चालत नाहीत. त्यासाठी प्रेगाबॅलिन, गॅबापेंटिन, नॉरट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन यांसारखी औषधे देतात, आणि त्यांतली काही मुळात फिट्स किंवा नैराश्य यांसाठीची आहेत. मला प्रेगाबॅलिन दिले होते. त्याने रात्रीची आग निम्म्यावर आली, पण सकाळी डोके जड राही, घोटे सुजत, आणि वर्गात ज्या आकडेमोडीला मी कधी थांबले नव्हते तिथे मला क्षणभर थांबावे लागे. मी हे डॉक्टरांना सांगितले, आणि त्यांनी मात्रा कमी करून ती रात्रीपुरती ठेवली. ही औषधे मनाने एकाएकी बंद करायची नसतात, हे प्रत्येक रुग्णाच्या घरी ठाऊक असायला हवे.

आणखी एक तपासणी मला फार महत्त्वाची वाटते, ती बी-१२ जीवनसत्त्वाची. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील लोकांमध्ये बी-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणावर असल्याचे दाखवून दिले आहे. या कमतरतेनेही पायाला मुंग्या येतात आणि बधिरपणा येतो, मधुमेहानेही येतो. शाकाहारी घरातील माणसाने पायातील प्रत्येक मुंगीचे खापर मणक्यावर फोडण्याआधी रक्त तपासून घ्यावे. माझे बी-१२ कमी निघाले. इंजेक्शने घेतल्यावर डाव्या पायातील हलक्या मुंग्या थांबल्या, उजव्यातील राहिल्या, आणि त्यामुळे कोणते दुखणे कशाचे हे तरी स्पष्ट झाले.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो मात्र एका अगदी साध्या गोष्टीचा. माझ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला निरनिराळ्या पोतांची कापडे गोळा करायला सांगितली. मी कापूस, जुनी मलमलची ओढणी, सुती साडीचा तुकडा, टर्किश टॉवेल आणि माहेरच्या घोंगडीचा एक कोपरा असा संच केला. रोज संध्याकाळी कापसापासून सुरुवात करून तो पायाच्या त्या भागावर हळूहळू फिरवायचा, आधी डाव्या पायावर आणि मग उजव्यावर, डोळे उघडे ठेवून, म्हणजे मेंदूला दिसावे की हा केवळ कापूस आहे. सहन झाले की पुढचे कापड. मलमलीपासून साडीपर्यंत जायला फार वेळ लागला, टॉवेलपाशी मी कितीतरी दिवस अडकले होते, आणि घोंगडी अजूनही क्वचितच सोसते. पण एके रात्री स्टूल न ठेवता चादर अंगभर घेऊन मी सकाळपर्यंत झोपले. चमक आली की नडगी तळव्याने चोळायची, हाही त्यांचाच सल्ला. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी मांडले होते की स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडवू शकतात. लागलेल्या जागी आई फुंकर घालून चोळते, त्याला शास्त्राचा आधार आहे हे वाचून मला फार बरे वाटले.

मी एरंडवण्यात राहते आणि माझी शाळा शनिवार पेठेत आहे. हे अंतर पूर्वी मी दुचाकीने जात असे. दुचाकी आता बंदच आहे, आणि रिक्षात बसले की प्रत्येक गतिरोधक आणि प्रत्येक खड्डा कमरेतून अंगठ्यापर्यंत जातो. पुण्यातील अनेक गतिरोधकांना ना आकाराचे मोजमाप आहे ना पांढरे पट्टे. धडधाकट माणसाला ती केवळ गैरसोय वाटते, पण शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला एका धक्क्याने पुढची रात्र जागून काढावी लागते. महापालिकेने या प्रश्नाकडे रुग्णांच्या, वृद्धांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या नजरेने पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मला कामावर परत जाता आले ते मेट्रोमुळे. नळ स्टॉपला लिफ्टने वर जायचे, पुणे महापालिका स्थानकावर उतरायचे. गाडीत जागा रिकामी असली तरी मी खांबाला धरून उभी राहते, कारण उभे राहणे मला बसण्यापेक्षा सोपे जाते. शाळेने मला उंच स्टूल आणि तळमजल्यावरचे वर्ग दिले. वह्या आता मी उतरत्या लेखनपाटावर ठेवून तपासते आणि मध्ये मध्ये उठून फेरी मारते.

चालण्यासाठी सुरुवातीला इमारतीच्या आवारातील मोकळी जागा होती, मग प्रभात रस्त्याच्या गल्ल्या, आणि आता रोज सकाळी कमला नेहरू उद्यान. टेकडी अजून दूर आहे. लॉ कॉलेजच्या टेकडीवर चढण्याची मला अनेक वर्षांची सवय होती. चढ आता जमेलही, पण उतारावर पाय आपटतो आणि चवड्याची ताकद पूर्ण आलेली नाही, म्हणून मी थांबले आहे. त्याचे मला वाईट वाटते, आणि ते वाटणे मी लपवत नाही.

सल्ले भरपूर मिळाले. तेल लावून नस 'बसवून' देणाऱ्यांची नावे मला अगदी प्रेमाने सुचवली गेली. शस्त्रक्रिया झालेल्या कमरेला कोणी झटका देणे ही गोष्ट धोक्याची आहे, म्हणून मी प्रत्येक वेळी नम्रपणे नकार दिला. योगासनांचा सल्ला तर पुण्यात मिळणारच, आणि त्याला कारणही आहे: बी. के. एस. अय्यंगार यांनी याच शहरात दोर, पट्टे, लोड आणि खुर्च्या यांचा आधार देऊन दुखऱ्या शरीरालाही आसने करता यावीत अशी पद्धत घडवली. परंतु पुढे वाकण्याची आसने माझ्यासारखीने केव्हा आणि कशी करावीत, हे शल्यचिकित्सकाची परवानगी घेऊन आणि जाणत्या शिक्षकासमोरच ठरवावे. चित्रफीत पाहून नव्हे.

गणपतीत मी उकडीचे मोदक जेवणाच्या टेबलाशी उभी राहून वळले. पूजेला जमिनीवर बसता आले नाही, तेव्हा पतींनी आपले आसन उचलून माझ्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची ओढली आणि पूजा दोघांनी खुर्चीवर बसून केली. ते त्याबद्दल काही बोलले नाहीत. न दिसणाऱ्या दुखण्यात माणूस फार एकटा पडतो. पट्टा सुटला, काठी सुटली, की घरच्यांनाही दुखण्याचा विसर पडतो आणि दर वेळी आठवण करून देणे नको वाटते. अशा वेळी कोणी न सांगता केलेली सोय औषधाइतकीच उपयोगी पडते.

एक तक्रार मात्र नोंदवली पाहिजे. जिथे माझी शस्त्रक्रिया झाली तिथे हात कुशल होते आणि काळजीही चांगली घेतली गेली, पण आधी मला सांगितले होते ते इतकेच, की "तीन महिन्यांत ठणठणीत व्हाल." संमतीपत्रावर भूल, रक्तस्राव आणि संसर्ग यांचे धोके छापलेले होते, नसेचे दुखणे महिनोन्‌महिने राहू शकते, हे ना छापले होते ना कोणी बोलले. ते सांगितले असते तरी मी शस्त्रक्रिया केलीच असती. पण चौथ्या महिन्यात पायाची आग वाढली तेव्हा सगळे वाया गेले या भीतीने मी ज्या रात्री काढल्या, त्या टळल्या असत्या. रुग्णाला खरे सांगितल्याने त्याचे धैर्य खचत नाही.

गेल्या आठवड्यात शाळेतील एका सहकारी शिक्षकांनी त्यांचा एमआरआय मला आणून दाखवला. त्यांचीही तीच गादी, आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली. तो वाचण्याचा अधिकार माझा नाही, म्हणून मी त्यांना डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून दिले: नस किती दिवस दाबाखाली आहे, ताकद किती गेली आहे, आणि ती किती परत येईल असे वाटते, कळ गेल्यावर आग, मुंग्या किंवा बधिरपणा राहू शकतो का, आणि राहिला तर कोणत्या महिन्यापर्यंत वाट पाहायची, नसेचे औषध कोण सुरू करणार आणि कोण कमी करणार, फिजिओथेरपी कोणत्या दिवशी सुरू होणार. आणि त्याखाली, ठळक अक्षरांत, तारखेची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालय गाठायची लक्षणे: लघवी अडणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, गुदद्वार आणि जांघेच्या भागात बधिरपणा येणे, दोन्ही पायांतली ताकद वेगाने जाणे. तो कागद त्यांनी घडी घालून रिपोर्टच्या पाकिटात ठेवला. आमच्याकडची कमोडवरची खुर्ची रविवारी त्यांच्या घरी पोहोचवायची आहे.